रात्री दीडची झडती : वसतिगृहातल्या एका नियमाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे एक अर्ज आला. वहीतून फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेला. एम.ए.च्या शेवटच्या सत्रातल्या एका मुलाचा वसतिगृह प्रवेश रद्द झाला होता. खोलीत बाहेरच्या माणसाला मुक्कामी ठेवलं, हा ठपका. त्याने तो नाकारला नव्हता. "चूक माझी आहे, पण मला कुणी काही विचारलं नाही," एवढंच त्याचं म्हणणं होतं.

अर्जाखाली पत्ता लिहिताना त्याने दुसऱ्याच वसतिगृहातल्या खोलीचा नंबर टाकला होता. ते वाचून मी थबकले. खोली काढून घेतल्यावर तो एका मित्राकडे राहत होता. म्हणजे ज्या नियमाखाली त्याच्यावर कारवाई झाली, तोच नियम आता तो रोज मोडत होता, आणि सुनावणीची नोटीस आमच्या कार्यालयाने त्याच पत्त्यावर धाडली.

विद्यापीठ मराठवाड्यातलं आहे, नाव देत नाही. मुलाचा विषय आणि गावही सांगत नाही. मी त्या समितीत सदस्य होते आणि त्याआधी तीन वर्षं इथेच मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दुसरी गोष्ट सांगण्याचं कारण पुढे येईल.

पॅरासाईट

आमच्याकडे विद्यापीठाच्या वसतिगृहात 'पॅरासाईट' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याला खोली मिळाली नाही तो मित्राच्या, गाववाल्याच्या, नात्यातल्या मुलाच्या खोलीत गादी टाकतो. शब्द वाईट आहे. तरी मुलं तो स्वतःबद्दल सहज वापरतात: "सध्या पॅरासाईट आहे सर, यादी लागली की बघू." यादी लागते, तिच्यात नाव नसतं, आणि वर्ष तसंच निघतं.

यामागचं गणित सोपं आहे. विभागांत प्रवेश जितके, तितक्या कॉट नाहीत. बाहेर कॉट बेसिसवर खोली घ्यायची तर डिपॉझिट आधी लागतं आणि भाडं दर महिन्याला. वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या 'स्वाधार'सारख्या सरकारी योजनेचा हप्ता खात्यावर पडेपर्यंत बहुतेक वेळा वर्ष सरत आलेलं असतं. त्यातून पदव्युत्तर पदवी झाली तरी मुलगा गावी परतत नाही. एमपीएससी, सरळसेवा, पोलीस भरती, काही ना काही चालू असतं, आणि अभ्यासिका, मैदान, जुने मित्र सगळं याच आवारात असतं.

आमच्या प्रकरणातला मुलगा जालना जिल्ह्यातला. घरी अडीच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. २०२३ चा ऑगस्ट आठवून पाहा. देशात १९०१ पासून नोंदी आहेत, त्यातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन फुलं-पात्यांच्या दिवसांत पाऊस गेला. ऑक्टोबरच्या शेवटी शासनाने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत मराठवाड्यातलेही तालुके होते. दिवाळीनंतर याचा धाकटा भाऊ एक पिशवी घेऊन आला. पोलीस भरती निघणार अशी चर्चा होती. गावात पळायला रस्ता होता, पण सोबत पळणारं आणि वेळ लावणारं कुणी नव्हतं. इथल्या मैदानावर पहाटे भरतीची पंधरा-वीस पोरं १६०० मीटरचा सराव करत असत. "तो ग्राउंडची तयारी करायलाय मॅडम, दोन महिन्यांचा तर प्रश्न होता," असं त्याने आम्हाला सांगितलं. दोन महिन्यांचे तीन झाले होते.

एकच शिक्षा असलेला नियम

वसतिगृहाच्या माहितीपत्रकात नियम होता: अनधिकृत व्यक्तीस खोलीत मुक्कामी ठेवल्यास विद्यार्थ्याचा प्रवेश तात्काळ रद्द करण्यात येईल. एवढंच. पहिल्यांदा सापडला तर काय, एक रात्र ठेवला तर काय, आजारी बाप दवाखान्यासाठी आला आणि रात्री कॉटवर झोपला तर काय, यातलं काहीच नाही. सर्वांना एकच शिक्षा आणि तीही शेवटची.

सुनावणीच्या तयारीत मी हा नियम शेजारी ठेवून यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २००९ ची रॅगिंगविरोधी नियमावली पुन्हा वाचली. रॅगिंगमुळे मुलांचे जीव गेले आहेत, महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. तरीही त्या नियमावलीत शिक्षेच्या पायऱ्या आहेत: वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेला बसू न देणं, वसतिगृहातून काढणं, एक ते चार सत्रांसाठी काढून टाकणं, आणि अगदी शेवटी कायमची हकालपट्टी. रॅगिंगला पायऱ्या आहेत आणि सख्ख्या भावाला गादी देण्याला नाहीत, हे मला मान्य होईना.

अशा नियमाचं पुढे काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. शिक्षा इतकी जड असली की रोजच्या रोज ती द्यायला कुणाचा हात उचलत नाही. रेक्टर चांगला माणूस असतो. एका गादीपायी पोराचं वर्ष बुडवायचं त्याच्या जिवावर येतं, म्हणून तो पाहून न पाहिल्यासारखं करतो. गेटवरचे मामा सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतात आणि सोडतात. पाच-सहा वर्षं असं चाललं की मुलांच्या दृष्टीने तो नियम उरतच नाही.

प्रशासनाला हे माहीत होतं का? रेक्टरांचं उत्तर होतं, "कल्पना नव्हती." मी मेसची वही मागवली. मेसवाला नियमित सभासदांचं खातं एका बाजूला लिहितो आणि कूपनवर जेवणाऱ्यांचं दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूला नोव्हेंबरपासून रोज तीच तीच नावं 'पाहुणा' म्हणून होती, दोन्ही वेळा. आमच्या मुलाच्या भावाचंही होतं. ती वही दर महिन्याला वसतिगृह कार्यालयात तपासली जाते आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी तिथे सही होती.

ती रात्र

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वसतिगृहासमोर मारामारी झाली. बाहेरची पोरं आली होती, वाद जुना होता, एकाचं डोकं फुटलं. पोलीस आले. दुसऱ्या दिवशी कुलगुरूंच्या दालनात बैठक झाली आणि 'कारवाई करा' असं सांगण्यात आलं. मारामारी करणारे त्या वसतिगृहात राहतच नव्हते. पण कारवाई कुठेतरी दिसायला हवी होती, आणि जिथे ती लगेच करता येईल असं ठिकाण म्हणजे खोल्या.

तिसऱ्या रात्री दीड वाजता झडती झाली. रेक्टर, सुरक्षा अधिकारी, सहा रक्षक. तळमजला आणि पहिला मजला. १९ जण सापडले. त्यांना तिथल्या तिथे बॅगा भरायला लावल्या आणि थंडीत गेटबाहेर उभं केलं. आमच्या मुलाचा भाऊ पहाटेपर्यंत बसस्थानकावर बसला आणि पहिल्या एसटीने गावी गेला.

दुसऱ्या मजल्यावर कुणी गेलंच नाही. तिथे विद्यार्थी संघटनांचे पदाधिकारी राहतात, काही तर शिक्षण संपून दोन-दोन वर्षं झालेले. का गेला नाहीत, असं विचारल्यावर सुरक्षा अधिकारी म्हणाले, वेळ झाली होती.

१९ जण ज्या खोल्यांत सापडले त्यांतल्या सात विद्यार्थ्यांना पत्रं निघाली. आठवडाभरात सातांपैकी सहा जणांकडून हमीपत्र घेऊन प्रकरण मिटलं. कुणासाठी आमदारांच्या कार्यालयातून फोन आला, कुणाचे मामा व्यवस्थापन परिषदेतल्या कुणाच्या ओळखीचे, दोघांसाठी त्यांच्या विभागप्रमुखांनी शब्द टाकला. सातवा राहिला, त्याच्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं. त्याच्या आदेशावर लिहिलं होतं: २४ तासांत खोली रिकामी करावी.

रेक्टर आणि तिसरा मुलगा

या प्रकरणात रेक्टरांना खलनायक ठरवणं सोपं आहे आणि चुकीचंही. ते पूर्णवेळ प्राध्यापक. रेक्टरपद हा अतिरिक्त कार्यभार, तोही दोन वसतिगृहांचा. रक्षक कंत्राटी, दर काही महिन्यांनी बदलणारे. समितीपुढे ते म्हणाले, "मॅडम, उद्या खोलीत एखाद्या पोराने काही करून घेतलं, तर पोलीस मला विचारतील आत कोण होतं. सही माझी आहे." यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. वसतिगृहात रात्री कोण झोपलंय हे माहीत असणं ही त्यांची जबाबदारीच होती. ती त्यांनी रोज थोडी थोडी पार पाडायची सोडून एका रात्रीत उरकायला घेतली, ही त्यांची चूक.

आणि एक साक्ष अशी झाली जिच्यामुळे माझी मतं हलली. खोली तिघांची. एक आमचा अर्जदार, दुसरा त्याचा वर्गमित्र, तिसरा विज्ञान शाखेचा अबोल मुलगा. तो बोलायलाच तयार नव्हता. शेवटी म्हणाला, "भाऊ वाईट नव्हता मॅडम. पण पहाटे चारला गजर. रात्री बारापर्यंत दोघं भाऊ बोलायचे. मी डिसेंबरात दोनदा ऑफिसात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आपसात मिटवा." त्याने सत्राचे शेवटचे तीन आठवडे गॅलरीत टेबल टाकून अभ्यास केला, मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या रात्री.

तोवर मी नियमाची सैल अंमलबजावणी म्हणजे गरिबावर दया, असं धरून चालले होते. या मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्या दयेची किंमत तो भरत होता. तोही गरीबच. त्याचाही डबा आठवड्याला एसटीने येत होता. डिसेंबरात त्याच्या तक्रारीवर कुणी खोलीत जाऊन "पंधरा दिवसांत भावाची दुसरीकडे सोय कर" एवढं म्हटलं असतं, तर जानेवारीतली झडती या खोलीपुरती तरी टळली असती.

आठ वाजून वीस मिनिटं

मुलांच्या वसतिगृहात हे चाललं असताना शंभर मीटरवर मुलींच्या वसतिगृहात मी काय करत होते, ते इथे लिहायला हवं.

आमचं गेट संध्याकाळी आठला बंद. उशिरा येणारीची नोंद रजिस्टरमध्ये, तीन नोंदी झाल्या की घरी फोन. मी हे घड्याळाच्या काट्यावर पाळलं आणि त्याचा मला अभिमान होता. एक मुलगी 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करायची. काम आठला संपे. पुस्तकं जागेवर लावून चालत येईपर्यंत आठ वाजून वीस मिनिटं होत. तिने पहिल्याच दिवशी कारण सांगितलं होतं. मी म्हटलं, ग्रंथालयाकडून लेखी आण. ते पत्र सहीसाठी इकडून तिकडे फिरत राहिलं, तोवर तीन नोंदी भरल्या आणि माझ्या कार्यालयातून तिच्या वडिलांना फोन गेला. फोनवर एवढंच सांगितलं गेलं: तुमची मुलगी रात्री उशिरा येते. वडील दुसऱ्या दिवशी आले आणि तिला घेऊन गेले. परीक्षेला ती आली, वसतिगृहात परत आली नाही.

यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहात मुलींवर मुलांच्या तुलनेत भेदभाव करणारे नियम लादू नयेत. मी रेक्टर असताना ही नियमावली लागू होती. ती मी तेव्हा वाचली नव्हती. त्या मुलीला मी नंतर पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि तिने ते द्यायलाच हवं होतं असंही नाही.

म्हणून समितीत एका सहकाऱ्यांनी जेव्हा म्हटलं की "आमच्या विद्यापीठात कडकपणा उरलाच नाही", तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. कडकपणा भरपूर होता. तो मुलींच्या गेटवर मिनिटाच्या हिशोबाने होता आणि दुसऱ्या मजल्यावर अजिबात नव्हता.

ऐकून घेणं म्हणजे किती

समितीत दोन मतं होती. एक बाजू म्हणत होती, मुलाने चूक कबूल केली आहे, मग सुनावणी झाली काय, नाही झाली काय? आदेश कायम ठेवा, वचक राहील. शिवाय प्रत्येक गादीसाठी वकिली चौकशी करत बसलो तर वसतिगृह चालणार कसं?

दुसऱ्या शंकेला उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी दिलं आहे, तेही वसतिगृहाच्याच प्रकरणात. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातले काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले होते. मुलींचे जबाब त्यांच्यासमोर घेतले नाहीत, उलटतपासणी करू दिली नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९७३ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली: आरोप काय ते त्यांना सांगितलं होतं, बाजू मांडायची संधी दिली होती, अशा परिस्थितीत तेवढं पुरेसं आहे. त्याआधी १९६२ मध्ये परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलं होतं की विद्यार्थ्याचं ऐकून न घेता निकाल रद्द करता येत नाही. दोन्ही एकत्र वाचले की प्रमाण कळतं. कोर्ट भरवायची गरज नाही. एक कागद, एक प्रश्न, एक दिवस. आमच्या मुलाला तेवढंही मिळालं नव्हतं.

आणि पहिली शंका? चूक कबूल असली तरी शिक्षा किती, हा प्रश्न उरतोच. सहा जणांना त्याच चुकीसाठी हमीपत्र आणि सातव्याला हकालपट्टी, याचं कारण फाईलमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांचे वडील हैदराबाद संस्थानाच्या काळात शिकले, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हाही वसतिगृहाची शिस्त हेच कारण दिलं होतं. त्या मुलांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. आपलं विद्यापीठ आपण मागून घेतलं ते आपल्या पोरांना जवळ शिकता यावं म्हणून. मला दोन्ही प्रसंग सारखे वाटत नाहीत, तिथे राजवटीचा प्रश्न होता. पण त्यांच्या बोलण्याने समितीचं मत फिरलं हे खरं.

शिफारस आणि त्यानंतर

यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर विद्यार्थी विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील घेऊन जाऊ शकतो. आम्ही बाराव्या दिवशी दिला. आदेश रद्द, खोली परत, लेखी ताकीद, आणि ज्या दिवसांत भाऊ राहिला त्यांचं पाहुणाशुल्क. विज्ञानाच्या मुलाला हवी असल्यास दुसरी खोली, आणि त्याची डिसेंबरमधली तक्रार का नोंदवली नाही याचा कार्यालयाकडून खुलासा. सातही विद्यार्थ्यांना एकच शिक्षा. दुसऱ्या मजल्याची पडताळणी.

नियमही बदलायला सांगितला. महिन्याला तीन रात्रींपर्यंत पाहुणा, आधी नोंद करून आणि खोलीतल्या इतरांच्या सहीने. विनानोंद सापडला तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा सुनावणी घेऊन प्रवेशाबाबत निर्णय. आई-वडील दवाखान्यासाठी आले असतील तर वेगळी सवलत. तपासणी आठवड्यातून एकदा, सर्व मजल्यांवर, रात्री दहाच्या आत. मुलींच्या वसतिगृहात काम, ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेतून येणारीची उशिराची नोंद होणार नाही, आणि कुठल्याही मुलीच्या घरी फोन करायचा तर आधी तिच्याशी बोलायचं.

यातलं बरंचसं कुलसचिवांनी मान्य केलं. मुलींच्या गेटची वेळ मुलांइतकीच करावी ही शिफारस 'विचाराधीन' आहे. कॉट वाढल्या नाहीत, पॅरासाईटही संपले नाहीत, आणि कॉट वाढल्याशिवाय ते संपतील असं मला वाटत नाही.

मुलाला खोली परत मिळाली तेव्हा त्याची एक अंतर्गत चाचणी बुडाली होती. विभागाने ती पुन्हा घेतली. तो पास झाला आणि आता गावाजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. भाऊ गावच्या रस्त्यावरच पळत राहिला. भरतीचं ग्राउंड त्याने काढलं, लेखीत राहिला, पुन्हा तयारी करतोय.

पाहुण्यांचं रजिस्टर जुलैपासून गेटवर ठेवलं आहे. दिवाळीच्या सुमारास मी ते पाहायला गेले. मामांनी काढून दिलं. तळमजला आणि पहिल्या मजल्यावरच्या मुलांनी नावं नीट लिहिली होती, भाऊ, चुलता, गावचा मित्र, एका ठिकाणी 'आई, डोळ्याचं ऑपरेशन, दोन रात्री', खाली तिन्ही खोलीवाल्यांच्या सह्या. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांची त्यात एकही नोंद नव्हती.